तीन नंबरची नळी

माझ्या आतेभावाला, अनंताला, आमच्या घरात भाकरी तव्यावरून थेट ताटात मिळायची आणि मला टोपलीतली. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस माणसाचा हेवा करतो का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, करतो. मी केला, पोटभर केला. आईला त्याचं काही वाटत नसे. "पावना हाय तो, गो," असं ती म्हणायची आणि तांदळाची टम्म फुगलेली भाकरी त्याच्या ताटात टाकायची. पाहुणा कसला! वर्षभर राहिलेल्या माणसाला पाहुणा म्हणतात का? त्याच्या ताटात तळलेला बोंबील मधला, जाडजूड. माझ्या ताटात शेपटीकडचा. मी तेव्हा बावीस वर्षांची घोडी होते आणि बोंबलाच्या तुकड्यावरून माझ्या डोळ्यांत पाणी येत असे. आता पन्नाशी उलटल्यावर हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हाचं ते पाणी काही खोटं नव्हतं.

आमचं घर पेणला, एस.टी. स्टँडपासून पाच मिनिटांवर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मध्ये एक दार, जे कधी लागत नसे. त्यामुळे आमच्या आमटीला डिझेलचा वास आणि डिझेलला आमटीचा. माझ्या वडिलांचे, आप्पांचे, वडील मिठागरात राबलेले. आप्पा तरुणपणी मुंबईला पळून गेले, कुठल्याशा गॅरेजात डिझेल पंपाचं काम शिकले आणि परत येऊन त्यांनी ही पंप रूम टाकली. तालुक्याच्या ट्रका, टेम्पो, जीपा यांचे पंप आमच्याकडे येत. पंप म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून तापवायची आणि नेमक्या क्षणी तिच्यात नेमकं तेवढंच डिझेल फवारायचं, की ते आपोआप पेटतं. ते 'नेमकं तेवढंच' मोजून देणारा तो पंप. आप्पा म्हणायचे, "इंजिन म्हणजे चार पोरांचं घर हाय. पंप म्हणजे त्यांची आय. चौघांना सारखाच वाढायला पायजे." हे ते आमच्या स्वयंपाकघराकडे पाठ करून म्हणत, हा भाग वेगळा.

बारावी झाल्यावर मला पुढे शिकवायचं की नाही यावर घरात बराच काळ काहीच ठरलं नाही, आणि काहीच ठरलं नाही म्हणून मी दुकानात बसायला लागले. आधी नुसती पावत्या लिहायला. मग नोझल धुवायला. मग एक दिवस आप्पांनी नोझल तपासायच्या यंत्राचा दांडा माझ्या हातात दिला. दांडा दाबला की नोझलच्या टोकातून डिझेलचं धुकं उडतं आणि त्याबरोबर आवाज येतो, कुर्रर्र असा, मांजर घुरघुरावं तसा. नोझल चांगलं असेल तर आवाज एकसारखा, खराब असेल तर फाटका. फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही, ही पहिली शिकवण, कारण ते धुकं कातडी फोडून आत शिरतं. दुसरी शिकवण कानाची. वर्षभरात मी मागच्या खोलीत लसूण सोलता सोलता सांगू लागले, "आप्पा, हा गेलाय." आप्पा आलेल्या ड्रायव्हरला डोळे मिचकावून म्हणत, "बघ, माझी पोर भिंतीआडून ऐकते." त्या एका वाक्यावर मी आठवडा काढत असे.

आणि सील. पंपावर एक स्क्रू असतो, जास्तीत जास्त किती डिझेल जायचं याची हद्द ठरवणारा. पंप बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, चढवायचा, फिरवायचा, चार काचेच्या नळ्यांत चार सिलिंडरचं डिझेल जमा होतं, ते सारख्या रेघेवर आलं की हद्दीचा स्क्रू पक्का करायचा, त्याच्या भोकातून तार ओवायची, तारेला शिशाचा मणी आणि मण्यावर पकडीने छाप. आमच्या छापावर 'ग' होता, आप्पांच्या नावाचा. त्याचा अर्थ, हा पंप आम्ही बघितलाय, याची जबाबदारी आमची. ते सील मी मारायची. शेवटी नळ्या बघायच्या मी, आणि पकड दाबायची मी. तिसरं वर्ष चाललं होतं. मुलीचं सील म्हणून सुरुवातीला हसणारे ड्रायव्हर नंतर म्हणायला लागले होते, "ताईनं बघितलाय ना? मग झाला."

अशात रोह्याहून आत्याचा अनंत आला. आप्पांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, डावखुरा, उंच, आणि कायम काहीतरी गुणगुणणारा. मुंबईत एका पंपवाल्याकडे तीन वर्षं काढून आला होता. आत्याने निरोप धाडला होता, "पोराला तुझ्या हाताखाली घे." या निरोपाला आणखी एक शेपूट होतं, ते कुणी उच्चारत नव्हतं पण सगळ्यांना दिसत होतं. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. शेजारणी पापड लाटायला जमल्या की माझ्याकडे बघून एकमेकींना कोपर मारायच्या. मी तोंड पाडून असायची तर त्यांना वाटायचं, लाजतेय. लाजतेय कसली! माझ्या अंगाचा जळफळाट चालला होता. तो माझा नवरा होणार का, याचं मला काही पडलं नव्हतं. तो माझ्या स्टुलावर बसला होता, याचं पडलं होतं.

कारण तो हुशार होता. हे लिहायला मला आजही जड जातं. मला जो कान कमवायला वर्ष लागलं तो त्याला जन्मतः होता. दुसऱ्या आठवड्यात आप्पांनी नोझलचा दांडा दाबला, मी मागच्या दारात उभीच होते, तोंड उघडणार तोच आप्पा म्हणाले, "अनंता, ऐक रे जरा." अनंता! मी तशीच परत फिरले आणि चुलीवरची आमटी उगाच ढवळत बसले. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात, तसं झालं. महिन्याभरात ड्रायव्हर दुकानाच्या पायरीवरूनच विचारायला लागले, "अनंत हाय काय?" मी समोर बसलेली असे. मी म्हणे, "नाय." तो आत असला तरी म्हणे.

आणि त्याने आणली 'सेटिंग'. मुंबईत शिकलेली विद्या. हद्दीचा स्क्रू थोडा बाहेर घ्यायचा, म्हणजे डिझेल थोडं जास्त, आणि टायमिंग किंचित पुढे, म्हणजे डिझेल थोडं आधी. तीच जीप, तेच इंजिन, पण पाय ठेवला की उसळी घ्यायची. नागोठण्याहून रोह्याला जाताना भिसे खिंड लागते. भरलेली जीप तिथे दुसऱ्या गिअरवर कण्हत चढायची. अनंताची सेटिंग केलेली जीप तिसऱ्यावर गुणगुणत चढू लागली. धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारे लोक नागोठण्याला, निडीला रस्त्यावर उभे असत आणि जी जीप आधी येईल तीत बसत. ज्याची जीप खिंडीत पुढे, त्याची जीप भरलेली. मग काय, रांगच लागली. अलिबागकडचे टेम्पोवालेसुद्धा आले. काही जण तर म्हणत, डिझेल पण कमी खातेय. ते खरंही असे, कारण चढाला गिअर कमी बदलावे लागत. मी ते मान्य करत नव्हते, पण रस्त्यावर कान ठेवून असे. सेटिंगची गाडी गेली की मला कळे. तिचा आवाज भरलेला असे.

तोटा काय, तर पहिला तोटा शेजारच्या नारायणकाकांना झाला. त्यांचा गणपतीचा कारखाना आमच्या भिंतीला लागून. सेटिंग झाली की ड्रायव्हर दारातच गाडी रेस करून बघत आणि काळ्या धुराचा लोट थेट कारखान्यात. एकदा ओल्या रंगातल्या ओळीने मांडलेल्या गणपतींच्या सोंडांवर काजळी बसली. नारायणकाका हातात कुंचला घेऊन, कमरेला पंचा, असे आमच्या दारात आले आणि ओरडले, "अरे, माझ्या देवाला तंबाखू लावलीस रे! आता दात घासून देऊ काय त्याला?" अनंत धावत गेला, माफी मागितली आणि दिवसभर तिथे बसून ओल्या फडक्याने रंग न लागलेले पाठचे भाग पुसत राहिला. संध्याकाळी नारायणकाका आईला म्हणाले, "पोरगा गुणी हाय हो." मला वाटलं होतं, आता तरी कुणीतरी त्याला शिव्या देईल.

आप्पा आधी या सेटिंगच्या विरुद्ध होते. त्यांचं आणि अनंताचं बोलणं जेवताना चाले. अनंत म्हणे, "मामा, कंपनी इंजिनाला राखून चालवते. त्यातली थोडी ताकद आपण काढली तर बिघडला काय?" आप्पा म्हणत, "ती राखलेली ताकद म्हंजे त्याचा आयुष्य हाय रे. डिझेल भेसळीचा येतो, ड्रायव्हर पाणी बघत नाय, उन्हात दहाच्या जागी सोळा माणसं भरतो. त्यासाठी ठेवलीय ती. डिझेल जास्त झाला की नुसता डिझेल नाय जळत, पिस्टन पण जळतो." अनंत म्हणे, "थोडाच काढायचा. आणि चारही नळ्या सारख्या ठेवायच्या." शेवटी आप्पा पाघळले. गिऱ्हाइकाने पाघळवलं म्हणा, भाच्याने म्हणा. त्यांनी एकच अट घातली, नळ्या दोघांनी बघायच्या. एकाने सेटिंग करायची आणि दुसऱ्याने बघून सील मारायचं. सील अर्थात मी मारायची.

परवा माझा मुलगा पनवेलहून आला तेव्हा म्हणाला, "आई, गाडीला चिप करून घेऊ का?" आताच्या इंजिनात तो हद्दीचा स्क्रू नाही, एक डबी असते कॉम्प्युटरची, आणि तिच्यातले आकडे लॅपटॉप लावून बदलतात. मी त्याच्याबरोबर हे काम करणाऱ्या एका पोराकडे गेले. वातानुकूलित दुकान, हातांना डाग नाही, मला तर आधी त्याच्या नखांचाच हेवा वाटला. तो म्हणाला, ताकद वाढेल, ओव्हरटेक सोपं होईल, नीट चालवलीत तर डिझेलही वाचेल. सगळं खरं. मी विचारलं, "आणि उष्णता? क्लच? कंपनीची वॉरंटी?" तो जरा सावरून बसला. वॉरंटी जाईल म्हणाला. मग मी विचारलं, "आकडे या गाडीचे बघून भरतोस का दुसऱ्या गाडीचे उचलून?" कारण दोन इंजिनं कधी सारखी नसतात, एकाचं नोझल झिजलेलं असतं, एकाचं नसतं. तो पोरगा हसला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही कुठे शिकलात हे?" चांगला होता तो. आधी गाडीचं सगळं तपासून घेऊ आणि मग थोडंच वाढवू, असं म्हणाला. मुलाला मी सांगितलं, घ्यायचं तर घे, पण त्या जास्तीच्या ताकदीची सवय लावून घेऊ नकोस. त्याने अजून केलेलं नाही.

तर तो श्रावण महिना होता. रात्रीचं जेवण चाललं होतं, वालाचं बिरडं होतं एवढंही आठवतं. आप्पांनी ताटात पाणी सोडलं आणि अगदी सहज म्हणाले, "दिवाळीपासून सील पण अनंताच मारंल. बेंच त्याच्याकडेच देतो. पोरीची नखं बघ कशी काळी झालीत. उद्या कुणाच्या समोर उभी करायची हाय तिला." आई म्हणाली, "मी कवापासून सांगतेय." अनंत म्हणाला, "मामा, कुंदाला पण असू दे की. तिची नजर चांगली हाय." त्याने माझी बाजू घेतली म्हणून मला त्याचा आणखी राग आला. माझं होतं ते मला द्यायला हा कोण? मी उठले, ताट मोरीत आपटलं आणि झोपायला गेले. झोप आली नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, याचं एकदा तरी चुकू दे. एकदा तरी मोठं चुकू दे आणि आप्पांना बघू दे.

चार दिवसांनी रोह्याहून दत्ताराम आला. जीप त्याची नव्हती, एका निवृत्त मास्तरांची होती, दत्ताराम चालवायचा. मास्तर फार सावध माणूस. दर रविवारी बोनेट उघडून चष्मा लावून सील बघत, 'ग' दिसला की बोनेट बंद. दत्तारामला खिंडीत सगळे मागे टाकू लागले होते. "अनंता, माझी पण कर बाबा. पन मास्तरांना सील दिसायला पायजे हां," असं म्हणत त्याने पंप उतरवून बेंचवर ठेवला. आप्पा सामान आणायला पनवेलला गेले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. अनंताने पंप चढवला, स्क्रू बाहेर घेतला, नळ्या भरून बघितल्या, एकेका सिलिंडरचं डिझेल कमीजास्त करणारी चकती सरकवून चारही सारख्या केल्या, चकत्या कसल्या. पुन्हा एकदा फिरवून बघायचं, ही आमची पद्धत. त्याने बेंच सुरू केला आणि तेवढ्यात बाहेरून नारायणकाकांनी हाक मारली. एक मोठी मूर्ती टेम्पोत चढवायला चौथा माणूस हवा होता. अनंत हात पुसत म्हणाला, "कुंदा, नळ्या बघ गो जरा. सारख्या असल्या तर सील मारून टाक." आणि गेला.

बेंच थांबला. मी नळ्यांसमोर वाकले. एक नंबर रेघेवर. दोन रेघेवर. चार रेघेवर. तीन नंबरची नळी वर होती. फार नाही, करंगळीच्या नखाएवढी. चकती कसताना सरकली असणार. दोन मिनिटांचं काम होतं. मी स्वतः करू शकले असते. हाक मारू शकले असते. मी त्या नळीकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. आधीच डिझेल वाढवलेलं, त्यात एका सिलिंडरला आणखी जास्त. त्याचं काय होणार हे मला आप्पांनी शिकवलं होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे ते लख्ख होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे जळालेला पिस्टन होता, आणि त्याच्यापुढे मान खाली घालून उभा असलेला अनंत होता. जीपमध्ये बसलेली माणसं नव्हती. खरंच सांगते, ती मला दिसलीच नाहीत. मी नळ्या रिकाम्या केल्या, तार ओवली, मणी घातला आणि पकड दाबली. अनंत परत आला, म्हणाला, "झाला?" मी म्हटलं, "झाला."

पुढचे नऊ दिवस मी रोज रस्त्याकडे कान लावून होते. तिसऱ्या दिवशी वाटलं, दत्ताराम दिसला की सांगावं, पंप आणून दे, पुन्हा बघायचाय. पण तो पेणला आलाच नाही. पत्र, फोन, निरोप, रोह्याला जाणारी एस.टी. दर तासाला, सगळं होतं. यातलं मी काही केलं नाही. मनाला समजावलं की नखाएवढ्याने काय होतंय, काही होणार नाही. आणि काही होणार नाही या विचाराने मला वाईटही वाटे, हेही लिहून ठेवते.

दहाव्या दिवशी दुपारी निरोप आला. दुसऱ्या पाळीची माणसं घेऊन दत्तारामची जीप भिसे खिंडीत तिसऱ्या गिअरवर चढत होती, पुढच्या दोन गाड्या त्याने मागे टाकल्या होत्या, आणि ऐन चढावर ठण्ण आवाज होऊन इंजिन जाम झालं. इंजिन बंद पडलं की अशा जीपचा ब्रेक दगडासारखा होतो, पाय ठेवला तरी दबत नाही. दत्तारामने क्लच दाबला तशी जीप मागे सरकली, भरलेली, आणि डाव्या अंगाने गटारात जाऊन कललेल्या अवस्थेत कातळाला टेकली. माणसं वाचली. खरचटलं, एकाचे दोन दात पडले, एक जण आठवडाभर कामाला गेला नाही. दत्तारामचा डावा हात गिअरच्या दांड्यात अडकून मनगटाशी मोडला. नीट जुळला नाही. गिअरचा हात तो. नंतर त्याने गाडी सोडली आणि रोह्याच्या एका पोह्याच्या गिरणीत कामाला लागला. मी पुढे कितीतरी वर्षं रोह्याचे पोहे घरात आणले नाहीत. आई विचारी तेव्हा काहीतरी कारण सांगे.

आप्पांनी जीप ओढून पेणला आणवली. मास्तर बरोबर आले होते. ते रागावले नाहीत, तेच वाईट होतं. एवढंच म्हणाले, "मी सील बघत होतो हो दर रविवारी." आप्पांनी स्वतः इंजिन उघडलं. एक, दोन, चार नंबरचे पिस्टन काळे पडलेले पण धड होते. तीन नंबरच्या डोक्याला भोक पडलं होतं, कडा मेणासारख्या वितळलेल्या. आप्पांनी पंप उतरवून बेंचवर चढवला, सील तसंच ठेवून. नळ्या भरल्या. तीन नंबरची नळी करंगळीच्या नखाएवढी वर. दुकानात आम्ही चौघं होतो, मास्तर, आप्पा, अनंत आणि मी. आप्पांनी वर न बघता विचारलं, "हे बघितलं कुणी? सील कुणी मारला?"

बोलायला मी तोंड उघडलं की नाही मला आठवत नाही. उघडलं असं म्हणावंसं वाटतं, पण ते खरं असेल असं वाटत नाही. अनंत म्हणाला, "मी."

"दोघांनी बघायचा, असा ठरला होता."

"कुंदा आत होती मामा. मला घाई होती. मीच मारला."

आप्पांनी नळ्या रिकाम्या केल्या. मग मास्तरांकडे वळून हात जोडले, "सीलवर अक्षर माझा हाय, मास्तर. तुमचा इंजिन मी नवा करून देतो." आणि अनंताला म्हणाले, "तुझी आय माझी थोरली बहीण हाय म्हणून हात उचलत नाय. उद्या सकाळची एस.टी. पकड." अनंताने मान हलवली. त्या रात्री आईने भाकरी केल्या आणि त्या सगळ्यांच्याच टोपलीतल्या होत्या. पुढे आप्पांनी पकड खिळ्यावरून काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "ही आता तूच वापर. बेंच पण तूच बघ. माझा चुकलाच." मला जे हवं होतं ते सगळं माझ्या पुढ्यात होतं. पेणमध्ये, किंबहुना सगळ्या जिल्ह्यात, बेंच सांभाळणारी पोरगी तेव्हा मी एकटीच असेन.

पंधरा दिवसांनी मी आईला मैत्रिणीचं नाव सांगून रोह्याला गेले. आत्या दारातच होती. तिला काहीच माहीत नव्हतं. भावाशी काहीतरी बिनसलं एवढंच. तिने मला पाटावर बसवलं, जवळ्याचं कालवण आणि तव्यावरची गरम भाकरी वाढली, आणि मला एक घास उतरेना. अनंत धाटावला एका केमिकल कंपनीत लागला होता, पहिली पाळी करून चारच्या सुमाराला आला. आम्ही मागच्या पडवीत बसलो. मी म्हटलं, "तू का सांगितलंस तसं?" तो म्हणाला, "मग काय करणार? मी जायला नको होता मूर्ती उचलायला. नळ्या मीच बघायच्या होत्या. तुझी नजर चुकली असंल, माणूस हाय. त्यात मामा तुला बेंचवरून उठवणारच होते, त्यांना कारणच मिळाला असता. मी काय, कुठं पण काम करीन."

माझी नजर चुकली नव्हती. तीन वर्षांत एकदाही चुकली नव्हती, आणि हे दुकानात सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत होतं. तो खरंच तसं समजत होता, की मला सुटकेची वाट करून देत होता, हे मला आजवर कळलेलं नाही. मी सांगायलाच गेले होते. शब्द जुळवून गेले होते, एस.टी.त कासूपासून नागोठण्यापर्यंत ओठांत म्हणून बघितले होते. आणि तो समोर बसून, केमिकलने पिवळी पडलेली बोटं चहाच्या कपाभोवती धरून, इतक्या सहज सगळं देऊन मोकळा झाला होता, की मला त्याचा पुन्हा हेवा वाटला. असं वागणं याला जमतं कसं? मला का नाही जमत? या जळण्यातच वेळ गेला. पाचची गाडी पकडायची म्हणून मी उठले. तो स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी हलली तेव्हा म्हणाला, "चकत्या दोनदा कसत जा गो."

दुकान मी पुढे पंचवीस वर्षं चालवलं. लग्न कासूला झालं, रोज सकाळी एस.टी.ने पेणला यायची, संध्याकाळी परत. सेटिंग कुणालाच करून दिली नाही. पुष्कळ गिऱ्हाईक त्यामुळे दुसरीकडे गेलं. अनंताचं लग्न झालं, मुलं झाली, लग्नकार्यात आम्ही भेटत असू, तो हसून बोले. आप्पा थकले तसे दुकानात नुसते खुर्चीवर बसून असत. नवा ड्रायव्हर आला, मला बघून घुटमळला, की ते काठीने माझ्याकडे दाखवत आणि मोठ्याने सांगत, "बिनघोर ठेव पंप. भाच्यानं माझ्या नावाला बट्टा लावला, पन ह्या पोरीनं आजवर एक खोटा सील मारला नाय." आठवड्यातून एकदा तरी सांगत. मी मान खाली घालून नळ्या भरत असे. मरेपर्यंत सांगत राहिले ते. अशा वेळी मला अनंताचा फार हेवा वाटायचा. त्याला ते ऐकावं लागत नव्हतं.